‘संशोधनातून सिद्ध’ असं छापून आलं की नेमकं तपासायचं काय?

प्रश्न:
सॉसेज-बेकनला डब्ल्यूएचओनं तंबाखूच्या पंगतीला बसवलं, रोज ५० ग्रॅम खाल्लं तर आतड्याचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढतो, ही २०१५ची बातमी अजूनही फिरते. म्हणजे सॉसेज सिगारेटइतकंच घातक का? असे दावे सामान्य वाचकानं ताडायचे कसे?

प्रतिसाद १:
नाही. आयएआरसी ही डब्ल्यूएचओची कर्करोग-संशोधन संस्था. सॉसेज-बेकन आणि तंबाखू दोन्ही तिच्या ‘गट १’मध्ये आहेत, आणि ‘गट १’ म्हणजे ‘यानं कर्करोग होतो याचा पुरावा पुरेसा आहे’, एवढंच. किती जणांना होतो, हे गट सांगतच नाही. मथळ्यांनी दोन्हींची खिचडी केली. आणि १८ टक्के कशाचे? ब्रिटनमध्ये असं मांस सगळ्यात कमी खाणाऱ्या १००० जणांत आयुष्यभरात सुमारे ५६ जणांना हा कर्करोग होतो, सगळ्यात जास्त खाणाऱ्यांत ६६ जणांना. हजारामागे १० जास्त. मूळ आकडा दिला नसेल तर टक्केवारी वाचूच नका.

प्रतिसाद २:
बरोबर, पण हे निरीक्षणाचे अभ्यास, म्हणजे लोक आपणहून काय खातात ते नुसतं पाहिलेलं. सॉसेज खाणारे सिगारेटही जास्त ओढत असतील, तर दोष कुणाचा? म्हणून असा एकच अभ्यास असेल तर भिस्त ठेवू नये. आयएआरसीनं मांस आणि कर्करोगावरचे ८००हून जास्त अभ्यास चाळले होते, म्हणून त्याला वजन.

याचं उलटं टोक म्हणजे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, कोविडवर चालतं म्हणून गाजलेलं मलेरियाचं औषध. मार्च २०२०च्या फ्रेंच अभ्यासात औषध दिलेले रुग्ण २६. त्यातले ६ हिशेबातून वगळले, आणि त्या सहांत तिघे आयसीयूत गेलेले, एक दगावलेला! तुलनेला १६ जण, तेही चिठ्ठ्या टाकून निवडलेले नाहीत. शिवाय मोजलं काय, तर नाकाच्या स्वॅबमधला विषाणू. रुग्ण जगला का, हे नव्हे. पुढे ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत यादृच्छिक पद्धतीनं १५६१ जणांना औषध दिलं, ३१५५ जणांना नेहमीचेच उपचार. २८ दिवसांत मृत्यू अनुक्रमे २७ आणि २५ टक्के. फायदा नाहीच. फ्रेंच निबंध डिसेंबर २०२४मध्ये मागे घेतला गेला.

प्रतिसाद ३:
औषधाची चाचणी भारतातली असेल तर सीटीआरआयच्या, म्हणजे अशा चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीच्या, संकेतस्थळावर तिची नोंद फुकट बघता येते. ‘प्रायमरी आउटकम’चा (मुख्यतः काय मोजणार, त्याचा) रकाना आणि नोंदणीची तारीख पाहा. मृत्यू मोजू म्हणाले आणि बातमीत ताप किती दिवसांत उतरला एवढंच असेल, तर मूळ निकाल हवा तसा आला नसावा. नोंदणी रुग्ण घ्यायला लागल्यानंतरची असेल तर हा रकानाही फारसा कामाचा नाही. आणि हो, सीटीआरआय क्रमांक म्हणजे मान्यता नव्हे. जाहिरातवाले तो तसाच मिरवतात.