मदत हवी आहे: जावाच्या लेबलवर ‘० बाय ०’ आणि रंग ‘नल’

नमस्कार मंडळी. सोलापूरहून लिहितोय, डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मामाचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे, त्याच्यासाठी जावात लेबल छापायचा छोटा प्रोग्राम करतोय आणि दोन दिवस एकाच जागी अडकलोय.

‘माल’ हा पॅरेंट क्लास. त्याचा कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणारा कोड) नाव आणि भाव घेतो आणि शेवटच्या ओळीत लेबलची मेथड कॉल करतो. माल एंटर केला की लेबल आपोआप निघावं, एवढाच हेतू. ‘चादर’ हा चाइल्ड क्लास. त्यात लांबी, रुंदी, रंग जास्तीचे, आणि लेबलची मेथड ओव्हरराइड केलेली, म्हणजे चादरीपुरती नव्याने लिहिलेली.

आधी कंपाइलच होईना. पॅरेंटला मी स्वतः कन्स्ट्रक्टर लिहिल्यावर जावा देते तो आयता रिकामा कन्स्ट्रक्टर गेला, आणि चादरीत सुपर, म्हणजे पॅरेंटच्या कन्स्ट्रक्टरला कॉल, लिहायचं राहिलं होतं. तेवढं कळलं. सुपरला नाव-भाव दिला, त्याखाली बाकीचं भरलं. चालवलं तर हे आलं:

सोलापुरी चादर, ४५० रुपये, ० बाय ०, रंग नल

मामा शेजारीच उभा. म्हणाला, “ह्यो नळ कशाला आणलास मधी? आधीच चार दिवसांनी पाणी येतंय.”

६० बाय ९० आणि मरून मी दिलंय, नक्की दिलंय. त्याच ऑब्जेक्टचं लेबल नंतर परत छापलं तर बरोबर येतं! त्या ओळी सुपरच्या वर नेल्या तर कंपाइलर म्हणतो, सुपर पहिलंच हवं. वर्गात सी प्लस प्लसमध्ये असंच उदाहरण केलं होतं, तिथे शून्य वगैरे काही आलं नव्हतं. चुकतंय कुठे?

प्रतिसाद १

माप बरोबर आहे रे, छापायची वेळ चुकली. न्यू चादर म्हटलं की आधी मेमरीत जागा मिळते, तिथे आकड्यांना शून्य आणि स्ट्रिंगला (मजकुराला) नल, म्हणजे ‘काहीच नाही’. मग सुपर. पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर पुरा होईपर्यंत तुझ्या खालच्या ओळींची पाळीच येत नाही. पण ऑब्जेक्ट पहिल्यापासून चादरच असतो, त्यामुळे पॅरेंटने कॉल केलेली मेथड चादरीचीच चालते आणि न भरलेले रकाने वाचते. अजून ताणा चढतोय आणि तू काठाची नक्षी मागतोयस.

सी प्लस प्लसमध्ये पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर चालू असताना व्हर्च्युअल (चाइल्डला ओव्हरराइड करता येणारं) फंक्शनसुद्धा पॅरेंटचंच चालतं. शून्य आलं नसेल, पण चाइल्डचं काहीच छापलं गेलं नसेल. वही काढून बघ.

कन्स्ट्रक्टरमधला तो कॉल काढ. ऑब्जेक्ट पूर्ण झाल्यावर बाहेरून लेबल मागव.

प्रतिसाद २

२०२५ च्या जावा २५ पासून सुपरच्या आधी स्वतःची फील्ड भरता येतात. मामाच्या काँप्युटरवर बहुतेक जुनी जावा असेल, त्यामुळे वरचाच उपाय कर. तसंही कन्स्ट्रक्टरने छापाछापीच्या भानगडीत पडू नये, असं माझं मत.

धागाकर्ता

झालं! ६० बाय ९०, मरून. वहीपण बघितली, तिथे खरंच फक्त नाव छापलेलं होतं, आमचं कुणाचं लक्षच गेलं नाही. टॉवेलची लेबलं मात्र दोन-दोन निघाली. त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्येही मी तोच कॉल लिहून ठेवला होता. तोही उडवला.