पंगतीतून उठणारा काका: तुमच्याही घरात होतं का असं कुणी? (अनुभव धागा)

माजघर
परवा साताऱ्याला लग्नाला गेले होते. आत डीजे, बाहेर बँजो. चपलांच्या ढिगापाशी जिन्याच्या पायरीवर एक पंचविशीचा मुलगा कानांवर तळवे दाबून डुलत बसला होता. शेजारी आई, हातात डबा. येणारा-जाणारा विचारत होता, "काय झालं याला? चक्कर आली का?" ती प्रत्येकाला सांगत होती, ऑटिझम आहे, आवाज सहन होत नाही. तेरा वेळा सांगितलं तिने. मीही विचारायलाच उठले होते, पण गेले आणि नुसतीच खालच्या पायरीवर बसले.

बसल्या बसल्या आमचा काका आठवला. वडिलांचा धाकटा भाऊ, जन्म १९५३ चा. पंगतीत भांडी आपटली की ताटावरून उठायचा. भाकरी, ताक, शेंगदाण्याची चटणी एवढंच खायचा, आणि चटणीला ताक लागलं तर ताट तसंच सारून द्यायचा. गावाने त्याला खुळा ठरवून टाकलेलं. आजीने मात्र कणगीमागे बारदानाचा पडदा बांधून दिला होता. घरात माणसं जमली की काका पडद्याआड. कुणी विचारलं तर आजी म्हणायची, "कौलं मोजतोय तो, असू दे." विहिरीवरच्या मोटरीचं सगळं त्याच्याकडे. वीज किती वाजता आली, किती वाजता गेली, कुठल्या वाफ्याला किती वेळ पाणी दिलं, सगळं वहीत. शेजारचे लोक भांडण झालं की वही बघायला यायचे.

१९९४ ला आजी गेली. दहाव्याला चौघांनी धरून त्याचं मुंडण केलं. तो किंचाळत होता आणि लोक म्हणत होते अंगात आलंय. पुढे आठ महिने बोलला नाही. काय चालतं, काय नाही, सगळं आजीच्या डोक्यात होतं. आम्हाला कुणालाच तिने सांगितलं नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही. मी तेव्हा बावीस वर्षांची, तिथेच उभी होते.

तुमच्या घरातले, शेजारचे, ऑफिसातले मोठ्या वयाचे असे कुणी असतील तर लिहा. लहान मुलांच्या थेरपीबद्दल पुष्कळ वाचायला मिळतं. ही मुलं मोठी होऊन जातात कुठे?

आंबोळी
अगं बाई. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

बोरिवली_स्लो
दादा ३४. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात रोज कुणीतरी उठवतं, "हातपाय तर धड आहेत की." आधी तो उतरून पुढची गाडी पकडायचा. आता त्याने स्वतःच उपाय काढलाय. कार्ड खिशातून काढतो आणि अख्खं मोठ्याने वाचतो. नाव, जन्मतारीख, क्रमांकाचे सगळे आकडे, टक्केवारी, मुदत. अंधेरी येईपर्यंत वाचतो. परत कुणी बोलत नाही 😂

शेंगदाण्याचं_कूट
चटणीचं नाव आलं म्हणजे मी येणारच. लसूण घालून की बिनलसणाची?

माजघर
@कूट लसणाची, उखळात कुटलेली. मिक्सर आल्यावर त्याने खायची सोडली. आम्हाला वाटलं नखरे.

पावणेदहा
तेरा वेळा म्हणजे मोजलं होतं का?

मी ३९. मुलाचं निदान झालं तेव्हा डॉक्टर प्रश्न विचारत होते आणि प्रत्येक उत्तर माझंच होतं. माझं निदान ३६ व्या वर्षी. अकाउंट्समध्ये आहे. ऑटिझम असलेल्याला मराठीत "स्वमग्न" म्हणतात, त्या शब्दाबद्दल थोडं बोलायचं आहे. मग्न कुठला, मला उलट सगळंच ऐकू येतं. ट्यूबलाइटचा चोक, दोन टेबलं सोडून कुणीतरी पेनचं बटण दाबतंय ते, आणि वर साहेब काहीतरी सांगतायत. यातलं साहेबांचं तेवढं वेगळं काढायला ताकद लागते. ती ताकद चारपर्यंत संपते. म्हणून चारनंतर मी "तुसडा" असतो.

फोन करायच्या आधी वाक्यं कागदावर लिहितो. नजरेला नजर द्यायची तर भुवयांच्या मधोमध बघतो, लोकांना फरक कळत नाही. वीस वर्षं हे केलं. निदान झाल्यावर एका नातेवाइकांनी शाबासकी दिली, "अरे पण तू तसा अजिबात वाटत नाहीस!" वाटू नये म्हणूनच तर दमलो ना काका.

ऑफिसात दोनच गोष्टी मागितल्या. बसायला भिंतीकडची जागा, आणि कामं तोंडी न सांगता मेलवर. पहिली मिळाली. दुसरी अधूनमधून मिळते.

माजघर
@पावणेदहा हो, मोजलं. काकाचीच सवय लागलीय.

वांगीभात
भुवयांच्या मधोमध!! मी हे कॉलेजपासून करतेय. आता मला टेन्शन.

पावणेदहा
@वांगीभात एवढ्यावरून काही ठरत नाही. लाजाळू लोकही करतात.

निवृत्त_मास्तर
१९८८ साली सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. उत्तर बरोबर द्यायचा, पण खिडकीकडे बघून. "माझ्याकडे बघून बोल" म्हणून मी त्याला छड्या दिल्या. एकदा नाही, वर्षभर. आठवीला तो आला नाही. पुढे काय झालं माहीत नाही. इतकंच लिहायचं होतं.

नाशिककर_बाबा
मास्तर, लिहिलंत हे बरं केलंत.

मोठ्या मुलांच्या पालकांसाठी, माझी चूक तुम्ही करू नका. लेक १८ ची झाली, केक कापला. पुढच्या महिन्यात तिच्या खात्यावर सही करायला गेलो तर बँकेतला माणूस म्हणाला तुम्ही कोण? मी म्हटलं बाप. तर म्हणे ती सज्ञान आहे, कायद्याने तुम्ही आता पालक नाही. भांडलो, पण त्याचं बरोबर होतं.

त्यासाठी नॅशनल ट्रस्टचा १९९९ चा कायदा आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व, बहुविकलांगता या चौघांसाठी. जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक स्तर समिती असते, तिच्याकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व घ्यायचं. आईबापांनाही घ्यावं लागतं. सतरा पूर्ण झाली की कागद गोळा करायला लागा. ट्रस्टचीच निरामय म्हणून आरोग्य विम्याची योजना आहे, एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचाही खर्च धरतात. आणि सरकारी नोकरीतल्यांनी आपल्या पश्चात मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायची नोंद जिवंतपणीच करून ठेवा. नंतर कोण खेटे घालणार?

मात्र एक गोष्ट बायकोने लक्षात आणून दिली. अर्ज भरताना आम्ही लेकीला काहीच विचारलं नव्हतं. तिला सांगितलं तेव्हा म्हणाली, "सही मी करीन. बाबाची सही घाण आहे."

बोरिवली_स्लो
😂😂 लेकीला दंडवत. दिव्यांग प्रमाणपत्राचं काय केलंत? दादाच्या वेळी दोन वर्षं "मतिमंद" मध्येच टाकून ठेवलं होतं.

नाशिककर_बाबा
दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम वेगळा आहे, तो दाखवायचा. तपासणीला ऑटिझम किती आहे ते मोजायची चाळीस प्रश्नांची भारतीय पट्टी (ISAA) लावतात. प्रश्न लहान मुलांना डोळ्यासमोर ठेवून केलेत असं मला वाटलं, मोठ्यांना चपखल बसत नाहीत. जाताना जुने रिपोर्ट, शाळेचे शेरे सगळं न्या. त्या दहा मिनिटांत आपलं पोर नेमकं गुणी बाळासारखं वागतं.

विळी
आजीचं वाचून छान वाटलं, पण जुन्या घरांचं फार गोड चित्र नको. माझी आत्या. गप्प, सांगितलेलं काम करणारी, म्हणून सगळ्यांना "सोशिक" वाटायची. एकोणिसाव्या वर्षी लग्न लावलं. सासरी दीड महिना. कुणी हात लावला की ओरडते म्हणून परत पाठवली. त्यानंतर मागच्या खोलीत, बाहेरून कडी. मी तिला जेवणाचं ताट खिडकीतून दिलेलं आहे. पडदा बांधायला तिच्या वाट्याला कुणी आलं नाही. मुलगी गप्प असली तर कुणाला काही खटकतच नाही हो.

माजघर
@विळी खरं आहे. काका पुरुष, वर सातबाऱ्यावर नाव. त्याच्याजागी माझी एखादी आत्या असती तर पडदा मिळाला असता का, सांगता येत नाही. तुमच्या आत्या आहेत का आता?

विळी
२००९ ला गेली.

आंबोळी
आले. वरचं वाचून मला काय लिहायचं होतं तेच विसरले. विळी 🙏

पंचगंगा
सगळ्यांचं वाचलं. आमचं वेगळं आहे. मुलगा २८, बोलत नाही. उंची सहा फूट, दाढी मला करावी लागते, रात्री तीनला उठतो. कुठेतरी "ही मुलं खास असतात, देवाने खास आईकडेच पाठवलेली" असं वाचलं की फोन भिंतीवर मारावासा वाटतो. मी खास नाही. माझी कंबर धरलीय.

गेल्या वर्षी तो डोकं आपटायला लागला. एका डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या वाढवल्या. अकराव्या दिवशी कळलं, दाढ किडली होती. माझ्या पोराने अकरा दिवस दाढदुखी सोसली आणि आम्ही त्याला "वर्तन समस्या" म्हणत होतो. आता मी वही केलीय. दुखलं की काय करतो, कुठल्या ब्रशने दात घासतो, आंघोळीचं पाणी आधी पायावर, मग डोक्यावर. टॉवेल जुनाच लागतो. माझ्या नंतर जो कुणी असेल त्याच्यासाठी. माजघरताईंचं दहाव्याचं वाचून काल रात्री अजून चार पानं लिहिली.

मदत म्हणाल तर शेजारचा एक कॉलेजचा मुलगा दर बुधवारी दोन तास येऊन बसतो. काही करत नाही, मोबाइल बघतो. मी झोपते.

पावणेदहा
@पंचगंगा मी बोलू शकतो, म्हणून तुमच्या मुलाच्या वतीने बोलायचा मला हक्क नाही. एकच सुचवतो. वहीत त्याला आवडणाऱ्या गोष्टींचं पान आहे का?

पंचगंगा
नव्हतं. लिहिते. पंख्याखाली चादर फडफडवली की हसतो. आणि मिरजेहून येणारी रेल्वे.

मेलबर्न_मुक्कामी
इकडे ऑस्ट्रेलियात २०१३ पासून एनडीआयएस ही दिव्यांगांसाठीची सरकारी योजना आहे. माणसाच्या गरजेप्रमाणे सरकार पैसे देतं, त्यातून मदतनीस ठेवता येतो. फॉर्म भरता भरता आपल्यालाच मदतनीस लागतो, ते सोडा. सल मला वेगळाच आहे. भाचा तीनचा असताना सांगितलं होतं, घरात एकच भाषा बोला, गोंधळ होईल. बहिणीने मराठी बंद केली. आता म्हणतात दोन भाषांनी काही बिघडत नाही. भाचा २४ चा, इंग्रजी फाडफाड. आजीशी व्हिडिओ कॉलवर दोघं एकमेकांकडे बघून नुसते हात हलवतात.

गोंयकार_भुरगो
मेलबर्नमध्ये सध्या थंडी किती?

मेलबर्न_मुक्कामी
@गोंयकार सकाळी ७. अंश म्हणतोय, वाजले नव्हे.

दुसरी_लेक
जरा अवघड विचारते. भाऊ ऑटिस्टिक, ३१. माझी स्थळं बघतायत. आई म्हणते पहिल्या भेटीत सांगू नकोस. काय करावं?

विळी
सांग. जो ऐकून पळेल तो स्वस्तात गेला.

बोरिवली_स्लो
मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. ती म्हणाली दादाला भेटू. दादाने तिला विचारलं, "तू किती दिवस राहणार आहेस?" आता सहा वर्षं झाली. अजून दर दिवाळीला विचारतो.

आंबोळी
दिवाळी म्हणजे फटाके. आमच्या सोसायटीत यंदा एका घरासाठी सात ते आठ अशी वेळ ठरवून दिली, म्हणजे त्या तासाला ते बाहेर निघून जातात. कुरकुर झाली, पण पाळली लोकांनी. गणपतीच्या ढोलाचं मात्र कुणी ऐकलं नाही.

शेंगदाण्याचं_कूट
माजघर, काका आहेत का अजून?

माजघर
आहे. ७० पार. गावी चुलतभावाकडे असतो. चार वर्षं झाली, गेलेच नाही मी. शनिवारी जावं म्हणतेय. @पावणेदहा, काय नेऊ? स्वेटर घेतलाय एक.

पावणेदहा
स्वेटर नको. नवीन कपडा टोचतो. चटणी न्या, पण उखळातली. आधी कळवा.

माजघर
फोन केलाय भावाला. सकाळच्या एसटीने येते म्हणून.

पावणेदहा
सकाळच्या म्हणजे किती वाजताच्या, ते काकांना सांगा. आणि उशीर झाला तर स्टँडवरून पुन्हा फोन करा.

माजघर
दहा चाळीस. सांगते. उखळ कुणाकडे आहे का इथे पुण्यात?

शेंगदाण्याचं_कूट
माझ्याकडे आहे. कोथरूडला या.