आगमनकाळ घरी लहान मुलांबरोबर कसा पाळता?

दोन_पिल्लांची_आई

नमस्कार मंडळी. मोठी पाच वर्षांची, धाकटा अडीचचा. नोव्हेंबर अर्धा सरला की आमच्याकडे रोज एकच चौकशी सुरू होते. "आई, नाताळ उद्या आहे?" नाही म्हटलं की "मग परवा?" धाकट्याला परवा म्हणजे काय हेही कळत नाही, पण ताई विचारते म्हणून तोही विचारतो, आणि उत्तर ऐकून दोघंही सारखीच नाराज होतात.

यंदा आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे वाट बघण्याचे चार रविवार, घरातही पाळावा असं फार मनात आहे. मी लहान असताना तो फक्त चर्चमध्ये दिसायचा. वेदीवर जांभळं कापड, रविवारी एकेक वाढणारी मेणबत्ती. घरी मात्र एकदम २४ तारखेचीच धावपळ. म्हणून कल्पना शोधायला बसले, तर जिथे बघावं तिथे रोजचा नवा उपक्रम. आज कापा, उद्या चिकटवा, परवा चमकी लावा. मी नोकरी करते. संध्याकाळी घरात पाऊल टाकल्यापासून मुलं झोपेपर्यंत जेवण, अंघोळ आणि एक ठरलेली रडारड एवढंच मावतं. महिनाभर फरशीवरची चमकी टिपत बसायची माझी तयारी नाही.

दुसरं म्हणजे भेटवस्तू. सगळीकडून येतात, प्रेमानेच येतात. पण गेल्या नाताळात मोठीने शेवटचा खोका फाडला आणि इकडेतिकडे बघून विचारलं, "अजून?" नवरा म्हणतो, मुलंच आहेत, एवढं काय मनाला लावून घेतेस. असेल. पण माझ्या डोक्यातून ते "अजून" जात नाही.

तर तीन गोष्टी विचारायच्या आहेत. या वयाला झेपेल असं काय करता? अडीच वर्षांच्या मुलासमोर मेणबत्त्या लावता का? आणि सांताक्लॉजचं काय करता?

---

घाईतला_बाबा

सांतापुरतं सांगतो. आम्ही ६ डिसेंबर धरला, सांताक्लॉज ज्याच्यावरून आला त्या संत निकोलसचा सण. आदल्या रात्री मुलं बूट घासूनपुसून दाराशी ठेवतात, सकाळी त्यात एखादी छोटी वस्तू असते. मोठी वस्तू नाही, बुटात मावली पाहिजे हाच नियम. भेटवस्तूंचा अर्धा सोस तिथेच भागतो आणि २५ तारीख बाळ येशूसाठी मोकळी राहते.

निकोलस खराखुरा माणूस. चौथ्या शतकातला, मायराचा बिशप. मायरा म्हणजे आजच्या तुर्कस्तानात. त्याची गोष्ट अशी सांगतात की एका गरीब बापाकडे तीन मुलींच्या लग्नासाठी पैसे नव्हते, तेव्हा निकोलसने रात्री गुपचूप त्यांच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. मुलांना सगळ्यात आवडतं ते हे 'गुपचूप'. आमचा मुलगा त्या आठवड्यात बहिणीच्या उशीखाली काहीबाही ठेवून येतो आणि पाच मिनिटांनी स्वतःच येऊन सांगतो की ते मी ठेवलेलं नाही.

---

रविवारशाळेची_बाई

ताई, बरीच वर्षं रविवारशाळेत लहान गट सांभाळते आहे, आता घरी नातवंडंही आहेत, त्यामुळे जरा लांबण लागेल. चहा घेऊन बसा.

तुमच्या मुलीचा "उद्या आहे का" हा प्रश्न फार जुना आहे. आगमनकाळाचं मेणबत्त्यांचं कडं आज घरोघर दिसतं, त्याची सुरुवातच या प्रश्नाने झाली असं सांगतात. योहान हिनरिख विखर्न नावाचे धर्मगुरू हॅम्बुर्गमध्ये गरीब मुलांसाठी घर चालवत. मुलं रोज विचारून भंडावत, नाताळ कधी? १८३९ साली त्यांनी लाकडाचं एक मोठं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या. रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांच्या वीस छोट्या लाल. रोज एक पेटवायची. दिवस किती उरले ते मुलांना डोळ्यांनी दिसू लागलं. हिरव्या फांद्यांचं, चार मेणबत्त्यांचं आजचं कडं ही त्याचीच आटोपशीर आवृत्ती.

यातलं मर्म घ्या. पाच वर्षांच्या मुलाला 'अजून अठरा दिवस' म्हणून काही कळत नाही. हाताने रोज काहीतरी कमी होताना किंवा वाढताना दिसलं की कळतं. म्हणून माझा सल्ला एवढाच: रोज करायची गोष्ट एकच निवडा, ती पाच मिनिटांत संपली पाहिजे, आणि रोज तीच असली पाहिजे. रोज नवं शोधणं ही मोठ्यांची हौस. मुलांना तेच ते आवडतं, पुन्हा पुन्हा आवडतं. रोज तीच गोष्ट वाचायला लावतात की नाही बघा.

छापील खिडक्यांची कॅलेंडरं येण्याआधी जर्मनीत काही घरांत दारावर खडूने चोवीस रेघा मारत आणि मुलं रोज एक पुसत. मला ही रीत फार आवडते, कारण खर्च नाही, पसारा नाही आणि अडीच वर्षांच्या मुलाला पुसण्याइतका आनंद दुसऱ्या कशात नसतो. (एकदम दहा पुसून टाकेल. मग तुम्ही रात्री पुन्हा ओढून ठेवायच्या, न बोलता.) एक लक्षात ठेवा, विकतची कॅलेंडरं १ डिसेंबरला सुरू होतात, पण आगमनकाळ नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतो. तो रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मध्ये कधीही येतो. २०२६ मध्ये २९ नोव्हेंबरला आहे, म्हणजे २४ तारखेपर्यंत सव्वीस रेघा. २०२३ मध्ये चौथा रविवार आणि २४ डिसेंबर एकाच दिवशी आले होते, तेव्हा बावीसच दिवस मिळाले होते.

पण एकच काही सुचवायचं झालं तर मी गव्हाण सांगेन. रिकामी गव्हाण, बाळ येशूला जन्मल्यावर निजवलं होतं तशी. पहिल्या रविवारी एखादा उघडा डबा किंवा छोटी टोपली मुलांच्या हाताला पोहोचेल अशा जागी ठेवा. शेजारी वाळलेलं गवत, नसेल तर कागदाच्या बारीक पट्ट्या. रोज रात्री झोपण्याआधी दोघांनी एकेक काडी आत टाकायची आणि म्हणायचं, "ये, प्रभू येशू." झालं. पाच मिनिटंही लागत नाहीत. बाळ येशू २४ च्या रात्री ठेवायचा, तोवर ती गादी भरत जाते. संत फ्रान्सिस असिसीकरांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात नाताळची रात्र साजरी केली तेव्हा गव्हाणीत खरं गवत घातलं होतं, शेजारी खरा बैल आणि खरं गाढव उभं केलं होतं. लोकांना ते बाळ किती साध्या जागी निजलं ते डोळ्यांनी दिसावं हा हेतू. तुमच्या मुलांना हाताला टोचलं की कळेल. गवत टोचतं, आणि "बाळाला टोचेल ना?" हा प्रश्न येतोच. मग त्या रात्री दोनच्या जागी दहा काड्या पडतात.

मोठीसाठी आणखी एक गंमत जमेल. मरिया-योसेफाच्या, म्हणजे येशूच्या आईबाबांच्या, मूर्ती गव्हाणीपाशी न ठेवता घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवा आणि रोज थोड्या पुढे सरकवा. मुलं सकाळी उठून शोधत फिरतात, आज कुठवर आले? चपलांच्या कपाटावर, मग फ्रीजवर. मेंढपाळ २४ च्या रात्री येतात. बाळ येशूसाठी भेटी घेऊन निघालेले पूर्वेकडचे ज्ञानी लोक नाताळालाही वाटेतच, ते ६ जानेवारीला पोहोचतात. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात ते तीन होते असं कुठे लिहिलेलं नाही, भेटी तीन होत्या म्हणून आपण तीन धरतो, त्यामुळे एखादी मूर्ती हरवली किंवा जास्तीची असली तरी बिनधास्त चालवा. धाकटा तोंडात वस्तू घालत असेल तर मात्र कापडी किंवा लाकडी मोठ्या मूर्ती घ्या. टॉयलेट पेपरच्या नळीतून जी आरपार जाते ती वस्तू त्याच्या हातात नको.

यातूनच तुमच्या "अजून?" वरही थोडा उतारा मिळेल. नाताळ २५ ला संपत नाही, सुरू होतो. ६ जानेवारीपर्यंतचे दिवस नाताळाचेच. सगळे खोके एका सकाळी कशाला फोडायचे? मामाकडचा २७ ला, आत्याचा ३० ला, एखादा ज्ञानी लोक पोहोचतील त्या दिवशी. देणाऱ्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर फोनवर "आवडलं का?" विचारतील आणि मुलं खरं सांगतील.

---

शंकेखोर

बाईंचं बरंचसं पटलं, पण गवताच्या काडीबद्दल एक सांगू का? काही घरांत 'चांगलं काम केलं की एक काडी' असा नियम असतो. माझ्या भावाकडे तसं आहे. तिथे आठवड्याभरात हिशेब सुरू झाला. "मी पाणी दिलं, माझ्या दोन." "त्याने मला मारलं, त्याची एक काढ." बाळ येशूची गादी राहिली बाजूला, पंचायत बसली. मला तर वाटतं मुलांना येशूच्या येण्यासाठी काही कमवावं लागतं असा उलटाच अर्थ पोहोचतो.

मेणबत्त्यांबद्दल आमच्याकडे कडक नियम आहे. मूल तीनच्या आतलं असेल तर बॅटरीवरच्या. खऱ्या लावायच्याच तर फक्त जेवणाच्या टेबलावर, मोठं माणूस समोर बसलेलं असताना, आणि उठताना विझवून. कड्याच्या हिरव्या फांद्या पहिल्या आठवड्यात ओल्या असतात, तिसऱ्या-चौथ्यापर्यंत कडकडीत वाळतात, आणि नेमकी तेव्हाच मेणबत्त्यांची संख्या सगळ्यात जास्त असते. फांद्या मध्येच बदला किंवा कापडाच्या करा.

---

रविवारशाळेची_बाई

शंकेखोर, अगदी बरोबर. म्हणूनच मी 'रोज रात्री एक' लिहिलं, 'चांगलं वागल्यावर एक' नाही. दिवसभर मारामारी केलेल्या मुलानेही काडी टाकायची. त्यानेच तर टाकायची.

बॅटरीच्या मेणबत्त्यांनाही माझी ना नाही. फक्त दिवा घालवून लावा, उजेडात त्यांना काही अर्थ उरत नाही. तीन जांभळ्या आणि एक गुलाबी असा संच मिळाला तर गुलाबी तिसऱ्या रविवारी. तो आनंदाचा रविवार, अर्ध्याहून जास्त वाट सरल्याचा. रंग वेगळा का म्हणून मुलं विचारतातच, आणि "आता जवळ आलं" हे उत्तर त्यांना पुरतं. काही चर्चमध्ये निळ्या किंवा चारही लाल असतात, तुमच्या चर्चमध्ये असतील तशा घ्या, म्हणजे मुलांना रविवारी ओळख पटते.

---

घाईतला_बाबा

बाईंचा हप्त्याहप्त्याने खोके फोडण्याचा उपाय आम्हीही आजमावला. एक अडचण येते. खोके समोर दिसत असतील तर २७ पर्यंत कुणी थांबत नाही, मीसुद्धा नाही. कपाटावर, कापडाखाली.

आणि खडू टाकून देऊ नका. ६ जानेवारीला बऱ्याच देशांत त्याच खडूने दारावर वर्ष आणि मध्ये सी, एम, बी अशी अक्षरं लिहितात. २० + सी + एम + बी + २७. 'ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो' या लॅटिन वाक्यातली ती आद्याक्षरं, आणि लोक त्यात ज्ञानी लोकांची नावंही बघतात. आमच्या मुलीला खांद्यावर घेऊन लिहायला लावतो, म्हणून 'बी' दरवर्षी उलटा येतो.

---

दोन_पिल्लांची_आई

सगळ्यांचे खूप आभार. नवऱ्याला वाचून दाखवलं. मूर्ती फ्रीजवर चढवण्याचं काम त्याने लगेच स्वतःकडे घेतलं, "एवढं काय" म्हणणारा माणूस! ठरलं ते असं: रिकामी गव्हाण आणि दारावरच्या रेघा. कडं यंदा नको, धाकटा चार वर्षांचा झाला की बघू. निकोलसचे बूटही करू, पण आमचा धाकटा बूट दाराशी सोडून झोपायला तयार होईल असं वाटत नाही, तो बूट घालूनच झोपतो.

बाई, एकच शंका. काडी टाकताना दोघं नक्की भांडणार. पहिली कुणी टाकायची यावरून.

---

रविवारशाळेची_बाई

सम तारखेला मोठी, विषम तारखेला धाकटा. ३० नोव्हेंबरला मोठीचा नंबर आणि १ डिसेंबरला धाकट्याचा, म्हणजे महिना बदलताना कुणाचा नंबर लागोपाठ दोनदा येणार नाही. आणि गवत दोघांना दोन वेगळ्या वाट्यांत द्या, एकाच वाटीतून काढायला लावू नका.