कथाकाराने नाटकाच्या वाटेला जावं का?

डिचोलीकर: वीस वर्षं कथा लिहितोय. यंदा गावच्या जत्रेच्या नाटकासाठी मंडळींनी गळ घातली, म्हणून माझीच एक कथा घेऊन दोन अंक लिहिले. देवळाच्या मंडपात पहिली तालीम. कथेत वाक्य होतं, 'दार उघडताना त्याला बापाची आठवण आली.' नट दार उघडून तसाच उभा, 'आता काय करू?' शेवटी तेच वाक्य त्याच्या तोंडी घातलं आणि ऐकवेना. माझं मत पक्कं झालंय. एकच प्रकार धरावा, आयुष्यभर तोच घोटावा.

फोंड्याची वाचक: अजिबात पटलं नाही. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातले महादेवशास्त्री जोशी कथाकार, आणि भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड त्यांनीच संपादले. कथेत रमणाऱ्याला कोशातली नोंद लिहिताना किती आवरावं लागत असेल! बा. भ. बोरकरांनीही कवितेसोबत कादंबऱ्या लिहिल्या.

डिचोलीकर: पण बोरकर म्हटलं की ओठावर कविताच येते ना? हे माझ्याच बाजूचं झालं.

म्हापसेकर: मी डिचोलीकरांच्या बाजूने. काही वर्षं साप्ताहिक सदर लिहिलं. ठरलेला वार, ठरलेले शब्द. अर्धवट सुचलेलं सगळं तिथेच खर्ची पडायचं, कवितेसाठी मुरायला काही उरायचंच नाही. ती कविता अजून परत आलेली नाही.

फोंड्याची वाचक: ते घाईने झालं, प्रकार बदलल्याने नव्हे. प्रकार ऐकणाऱ्याकडे बघून ठरतो. ख्रिस्ती धर्मप्रसारक फादर स्टीफन्स इंग्लंडचे, पण १६१६ साली गोव्यात राचोलला छापलेलं, ख्रिस्ताची कथा सांगणारं क्रिस्तपुराण त्यांनी ओवीत रचलं. इथल्या कानांना पुराण ऐकायची सवय होती.

तालीममास्तर: डिचोलीकर, चूक नाटक लिहिण्यात नाही, कथेतलं वाक्य जसंच्या तसं उचलण्यात आहे. कथेत आठवण सांगता येते, रंगमंचावर ती वस्तूत ठेवावी लागते. दाराआड बापाची काठी ठेवा. दार उघडताच ती सरकून पडते, मुलगा उचलतो आणि होती तिथेच टेकवून ठेवतो. एक शब्द नको. शेवटच्या रांगेतल्या आजीलाही कळेल. आणि दुसरं, वाचक पान उलटून मागे जातो. रात्री उशिरा मंडपात बसलेल्याला मागे जाता येत नाही, म्हणून महत्त्वाचं दोनदा यायला हवं, दोन वेगळ्या वाटांनी.

डिचोलीकर: मत बदललेलं नाही, पण काठीचं आजच्या तालमीत करून बघतो. मात्र बाप गेल्याचं आधी कळायला हवं. ते कोण सांगणार?

तालीममास्तर: शेजारीण. पहिल्या प्रवेशात बापाने दिलेली छत्री परत करायला येते. ती कोणाच्या हातात द्यावी, हेच तिला कळत नाही.