गेट-रेलिंगचं रंगकाम: प्रायमरच्या आधीचं ठरवूया

सचिव: नमस्कार मंडळी. मिरामारच्या पेंटरचं कोटेशन आलंय: "गेट व जिन्याची रेलिंग घासून एक हात रेड ऑक्साइड (गंजरोधक लाल प्रायमर), दोन हात ऑइल पेंट." पास करू?

ए-१०२: "घासून" एवढ्यावर सही करू नका. घासण्याआधी धुणं हवं. खाऱ्या वाऱ्याचं मीठ पत्र्यावर बसलेलं असतं. कोरडं घासलं की ते गंजाच्या खड्ड्यांत जातं, मग रंगाखाली ओल खेचतं आणि फोड येतात. गेटच्या खालच्या पट्टीला नख लावून बघा, पापुद्र्यासकट रंग हातात येतो. आधी डिटर्जंटने मळ-तेल काढायचं, मग भरपूर गोड्या पाण्याने धुवायचं. आपल्या बोअरचं पाणी नको, मचूळ आहे, नळाचंच घ्या.

बी-२०४: काका, ग्राइंडरला वायर कप लावला तर काम लवकर उरकेल ना?

ए-१०२: उरकेल, पण एकाच जागी दाबून फिरवला तर गंज निघत नाही, पॉलिश होतो. काळपट चमक दिसली की समजायचं, गंज खाली तसाच आहे. सुटे पापुद्रे पत्रीने खरवडा, मग तारेचा ब्रश, शेवटी ८० नंबरचा एमरी (खरखरीत घासकागद). जुना रंग घट्ट असेल तिथे फक्त घासून त्याची चमक घालवायची, रंगाची कड उतरती करायची. खड्ड्यांवर पुन्हा पाणी मारून लगेच पुसून वाळवा.

सी-३०१: मुख्य गोष्ट राहतेय. गेट एमएसचं (साध्या पोलादाचं) आहे, रेलिंग जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पाइपची. जस्तावर ऑइल पेंट थेट बसत नाही. मधे साबणासारखा थर तयार होतो आणि रंग सालीसारखा निघतो. जीआयला नायलॉनचा स्क्रबर (तारेचा ब्रश नको, जस्त जाईल), मग एच प्रायमरचा (etch, जस्ताला किंचित खाऊन पकड देणारा) पातळ एकच हात. वेल्डिंगपाशी जस्त जळालेलं असतं, तिथे साफ करून झिंक-रिच (भरपूर जस्त असलेला) प्रायमर. गेटला रेड ऑक्साइडऐवजी झिंक फॉस्फेट प्रायमर, तेही दोन हात. कडा आणि वेल्डिंगच्या रेघांवर आधी ब्रशने एक वेगळा हात, कारण रंग कडेवरून ओसरतो नि तिथेच आधी गंज फुटतो.

डी-४०२: मग सरळ इपॉक्सीच (दोन भाग मिसळून लावायचा कडक रंग) मारूया ना?

सी-३०१: वहिनी, जुना ऑइल पेंट पूर्ण उतरवणार असलो तर. नाहीतर इपॉक्सीचा थिनर जुन्या रंगाला उचलतो, सुरकुत्या पडतात. शिवाय उन्हात इपॉक्सी खडूसारखं पांढरं पडतं, वर पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचा हात लागतोच.

बी-२०४: गंज काळा करणारं केमिकल चालेल?

ए-१०२: घट्ट, पातळ गंजावर ठीक. पापुद्र्यांवर ओतून पैसे वाया.

सचिव: प्रायमर किती मागवू? काम कधी?

सी-३०१: गेट ३ बाय २ मीटर, दोन्ही बाजू मिळून १२ चौ.मी. दोन हातांचे २४. लिटरला ८ ते १० चौ.मी. धरा, ३ लिटर पुरे. काम दिवाळीनंतर. सकाळचं दव सुकल्यावर सुरू, आणि घासलेलं लोखंड त्याच दिवशी प्रायमरखाली गेलं पाहिजे. रात्रभर उघडं ठेवलं तर सकाळी तांबूस झालेलं दिसेल. चारनंतर प्रायमर नको, दव धरतं.

ए-१०२: गेटच्या खालच्या बॉक्स पाइपला तळाशी ६ एमएमची दोन भोकं पाडून घ्या, रंगाच्या आधी. आत साचलेलं पाणी आतूनच खातंय, बाहेरून कितीही रंग लावा.

सचिव: बरं. "धुणे, एच प्रायमर, झिंक फॉस्फेट दोन हात, भोकं" हे सगळं घालून सुधारित कोटेशन मागवतो.