यौना, योन, यवन, यूनान

एकाच देशाला वेगवेगळ्या भाषांत वेगवेगळी नावं का पडतात? जर्मनीबद्दल म्हणतात की तो 1871 पर्यंत एकसंध नव्हता म्हणून त्याला इतकी नावं पडली. हा मुद्दा पटतो, पण अर्धाच. शेजाऱ्याची गाठ आधी कोणाशी पडली, हेही तितकंच महत्त्वाचं. फ्रेंचांनी जर्मनीचं नाव आलेमान्नी या जर्मन टोळीवरून घेतलं, फिन लोकांनी सॅक्सन या दुसऱ्या टोळीवरून.

ग्रीसचं उदाहरण याहून बोलकं. तिथले लोक देशाला 'एलाडा' म्हणतात. इराण्यांची गाठ पडली ती आशिया मायनरच्या (आजच्या तुर्कस्तानच्या) किनाऱ्यावरच्या आयोनियन ग्रीकांशी, म्हणून इराणी सम्राट दारयवहूच्या (डरायसच्या) बेहिस्तून इथल्या कोरीव लेखात 'यौना' येतं. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात, अंतियोक या ग्रीक राजाच्या उल्लेखात, तेच 'योन'. संस्कृतात यवन, फारसी-अरबीत यूनान. रोमनांनी मात्र 'ग्रेकिया' उचललं आणि तेच युरोपभर पसरलं. मराठीत 'यवन' पुढे मुसलमानांना चिकटला, आणि त्या देशासाठी आपण इंग्रजीतून 'ग्रीस' घेतलं.