ओहोटीला जाऊनही कुलाबा किल्ल्याला गुडघाभर पाणी, असं का?

भटक्या_पुणेकर: मंडळी प्रश्न बाळबोध आहे, हसू नका. मागे पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात मस्त चालत गेलो होतो, जेमतेम पावलं भिजली. परवा अष्टमीला परत गेलो, मोबाईलवर ओहोटी दुपारी एकची बघून बरोब्बर पोचलो तर गुडघ्याच्या वर पाणी, शेवटी घोडागाडी केली. ओहोटी ती ओहोटीच ना? आणि अमावास्येला चंद्र दिसतच नाही मग तेव्हा एवढी भरती कशी येते?

रेवदंडेकर: अहो अष्टमीला भांग असतो! भांगात पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. उधाणाच्या म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या दिवसांत जेवढं वर येतं तेवढंच लांब समुद्रात मागे जातं. आपल्या किनाऱ्याला सोपा हिशोब म्हणजे तिथीची पाऊणपट करा, अष्टमी म्हणजे सहा, सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि मग ओहोटी साडेबारा-एकला. म्हणजे दुपारची सोयीची ओहोटी नेमकी भांगातच सापडते, तिथेच सगळे फसतात.

तिसरा_डोळा: चंद्र दिसण्या न दिसण्याशी काही नाही. चंद्राकडच्या बाजूचं पाणी जास्त ओढलं जातं आणि पलीकडच्या बाजूचं मागे राहतं, म्हणून फुगवटा दोन्हीकडे येतो. सूर्याचाही येतो, चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. पौर्णिमा-अमावास्येला तिघं एका रेषेत म्हणून बेरीज, अष्टमीला काटकोनात म्हणून वजाबाकी. बाकी किनाऱ्यावर पण असतं, तोच चंद्र पण गोव्यात भरती-ओहोटीतला फरक दोनेक मीटर आणि भावनगरला दहाच्या आसपास, खंबातचं आखात नरसाळ्यासारखं निमुळतं आहे ना.

भटक्या_पुणेकर: अच्छा! मग पौर्णिमेचं उधाण मोठं की अमावास्येचं?

तिसरा_डोळा: ज्या दिवसाच्या आसपास चंद्र जवळ असेल त्याचं. चंद्र कधी ३ लाख ६० हजार किमीवर तर कधी ४ लाख ५ हजारवर, फरक वाटतो किरकोळ पण भरतीचा जोर अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो त्यामुळे जवळ असताना तो ४० टक्क्यांनी जास्त भरतो. त्यात जवळ यायची फेरी साडेसत्तावीस दिवसांची आणि पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस, म्हणून पाळी सरकत राहते. आज पौर्णिमेचं उधाण जोरात असेल तर साधारण सात महिन्यांनी अमावास्येचं. कॅलेंडरवर तिथी छापतात, अंतर नाही.

रेवदंडेकर: आमचे म्हातारे तेच म्हणायचे, यंदा आवस (अमावास्या) जड आहे. अजून एक, खरं उधाण पौर्णिमा-अमावास्येच्या दिवशी नाही, एक-दोन दिवसांनी येतं. द्वितीयेला सकाळी साडेसातला पाणी तळाला असतं, तासभर आधी आत शिरा आणि पाणी फिरलं की लगेच बाहेर, तटावर फोटो काढत बसू नका.

भटक्या_पुणेकर: म्हणजे पुण्याहून रात्री अडीचला निघायचं. ग्रुपवाले मला हाणणार.